चार खुर्च्या, एक हजेरीवही : ज्येष्ठांचा कट्टा कसा सुरू करावा आणि टिकवावा

उद्घाटनाला साठ माणसं, दुसऱ्या आठवड्याला पंचवीस, आणि सहाव्याला तेच चार-पाच जण, जे आधीही रोज भेटतच होते. सोसायटीत, वॉर्डात किंवा गावात ज्येष्ठांसाठी सुरू झालेल्या अनेक कट्ट्यांची हीच गत होते. मग कार्यक्रम कमी पडले असं ठरतं आणि व्याख्यानं वाढवली जातात. गळती मात्र भलतीकडेच सुरू असते: जिन्यावर, संडासाच्या दारात, ऐकू न येणाऱ्या कानांत. म्हणून या लेखात कार्यक्रमांना जागा थोडीच आहे. जो माणूस येत नाही, त्याच्यापासून सुरुवात करू.

आधी हे पटायला हवं

माणसांत असणं ही म्हातारपणाची चैन नाही, तब्येतीचा भाग आहे. २०१० साली १४८ अभ्यास आणि तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती एकत्र करून काढलेला निष्कर्ष आजही आधाराला घेतला जातो: ज्यांची नाती घट्ट आणि वावर माणसांत, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्के जास्त होती. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या डिमेन्शिया आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची जी टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली, त्यांत माणसांपासून तुटणं आहे आणि कमी ऐकू येणंही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालात एकटेपणाशी जोडलेले मृत्यू वर्षाला ८ लाख ७१ हजार धरले आहेत.

यात उलटी बाजूही आहे. आजारी माणूस घरी बसतो, आणि घरी बसलेला अधिक आजारी पडतो, त्यामुळे नेमकं कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे दरवेळी सुटं करता येत नाही. पण यंत्रणा साध्या डोळ्यांनी दिसते. कट्ट्यावर यायचं म्हणून माणूस दाढी करतो, चार वाजता जेवणासारखं काहीतरी खातो, दोनशे पावलं चालतो. गप्पांत नावं आठवावी लागतात, समोरच्याचं वाक्य संपेपर्यंत धरून ठेवावं लागतं. आणि "काका, आज धाप लागतेय का?" असं विचारणारं कुणीतरी असतं. पायावरची सूज घरच्यांच्या आधी कट्ट्यावरच्यांनी पाहिली, असं बऱ्याचदा घडतं.

पहिला आठवडा : यादी

नोटीस बोर्डावर कागद लावून ज्यांना यायचंच होतं ते येतात. तुम्हाला दुसऱ्यांची यादी हवी आहे. दोनशे पेजची वही घ्या आणि पंधरा नावं लिहा, पन्नास नाही. वॉचमन, कामवाल्या मावशी, दूधवाला आणि मेडिकलवाला यांना विचारा. "हल्ली दिसत नाहीत" हे त्यांना सगळ्यांत आधी कळतं.

एकटं राहणं आणि एकटं वाटणं यांत गल्लत करू नका. वन रूम किचनमध्ये एकट्या राहणाऱ्या आजी भजनी मंडळ, भिशी आणि शेजारपाजार यांत मजेत असू शकतात, आणि मुलगा-सून-नातवंडांच्या भरल्या घरात आजोबा दिवसभरात चार वाक्यं बोलत नसतात. हे ताडायला जगभर वापरली जाणारी तीन प्रश्नांची छोटी पट्टी पुरते. बोलता बोलता विचारा, कागद हातात धरून नको:

"सोबतीला कुणी नाही असं किती वेळा वाटतं?"
"आपल्याला वगळलं जातंय असं वाटतं का?"
"सगळ्यांपासून तुटल्यासारखं होतं का?"

"क्वचित"ला १, "कधीकधी"ला २ आणि "बऱ्याचदा"ला ३ गुण. बेरीज ६ किंवा त्याहून जास्त आली तर ते नाव यादीत वर घ्या. हे निदान नव्हे, कुणाकडे आधी जायचं याचा अंदाज आहे.

त्याच भेटीत अडचण विचारून नावापुढे एका शब्दात लिहा: जिना, कान, लघवी, नातवंडं, भीती, नको. पंधरा नावांची ही यादी झाली की पुढचं निम्मं काम ठरून जातं.

जागा

मंदिराचा सभामंडप, सोसायटीचं हॉल, वाचनालयाची मागची खोली, शाळेचा व्हरांडा, बागेतला पार, काहीही चालतं. देवळात सगळ्याच धर्माजातीची माणसं मोकळेपणाने येतील का, हे मात्र आधी विचारून घ्या. प्रत्यक्ष जाऊन हे तपासा:

संडास. पन्नास पावलांच्या आत, कमोडचा, आतून कडी लागणारा पण बाहेरून उघडता येणारा, आणि कुलूप न लावलेला. प्रोस्टेटचा त्रास असलेले काका किंवा खोकलं तरी थेंब जाणाऱ्या काकू हे कारण कधीच सांगणार नाहीत. "मला नाही आवडत गर्दी" असं सांगतील. जागा दाखवताना संडास आपणहून दाखवा, सगळ्यांनाच. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी (पाण्याची) गोळी घेणाऱ्यांना तिची वेळ बदलता येईल का, हे डॉक्टरांना विचारायला सुचवा. स्वतः सल्ला देऊ नका.

पायऱ्या. तीनपेक्षा जास्त असतील तर एका बाजूला कठडा हवाच. शेवटच्या पायरीच्या कडेला पिवळ्या रंगाचा दोन इंची पट्टा मारून घ्या. मोतीबिंदू असलेल्याला राखाडी कोब्यावर राखाडी पायरी दिसत नाही.

खुर्च्या. हात असलेल्या हव्यात, बैठक जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटर. मांडववाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या फरशीवर सरकतात आणि जड माणसाखाली पाय फाकतात; एकात एक दोन घालून ठेवल्या की उंची थोडी वाढते आणि मजबुतीही येते. सतरंजी नकोच. एकदा खाली बसलेल्याला चारचौघांत उठता आलं नाही की तो पुन्हा येत नाही.

कोण किती सावरून चालतं याचा अंदाज हवा असेल तर खेळासारखं घ्या: खुर्चीतून उठायचं, १० फूट चालायचं, वळून परत येऊन बसायचं. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरा, आणि त्या व्यक्तीला न्यायला-सोडायला कुणीतरी ठरवून द्या.

वेळ

पुरुषांनी ठरवलेली वेळ साडेपाचची असते, आणि मग "बायका येतच नाहीत" अशी तक्रार असते. साडेपाचला नातवंडं शाळेतून किंवा क्लासहून येतात, त्यांचं खाणं, मग देवापाशी दिवा, मग कुकर. आजींना मोकळा वेळ असतो तो दुपारची झोप झाल्यावर, साडेतीन ते पाच. दोन्ही गट एकत्र हवे असतील तर चार ते सव्वापाच ही वेळ बहुतेकांना झेपते. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे मध्ये हे विसरा. सकाळी सात ते सव्वाआठ. गावात दूध घालायच्या वेळा सांभाळा.

आठवड्यातून एकदा भेटून ओळख जमत नाही आणि रोज कुणाला जमत नाही. आठवड्यातून तीन दिवस, ठरलेले, सोमवार-बुधवार-शुक्रवार. पाऊस असो, क्रिकेटची मॅच असो, एकजण जरी आला तरी दार उघडलेलं असलं पाहिजे. एकदा कुलूप बघून परत गेलेला माणूस पुढच्या वेळी "असेल की नाही कुणास ठाऊक" म्हणून घरीच राहतो.

बोलावणं

"या हं कधीतरी" याला मराठीत "नाही आलात तरी चालेल" असा अर्थ आहे. बोलावणं असं द्या:

"काका, उद्या बुधवार. पावणेचारला मी तुमच्या दारात येतो, बरोबर जाऊ. अर्धा तास बसू, कंटाळा आला तर मीच सोडतो परत."

यात वेळ आहे, सोबत आहे आणि सुटकेची वाटही आहे. तिसरी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची, कारण नव्या माणसाला भीती असते ती अडकून पडण्याची. पहिल्यांदा नकार आला तर आठ-दहा दिवसांनी पुन्हा जा, मग महिन्याने. तीनदा विचारून नकोच असेल तर तो त्यांचा निर्णय. काही माणसं एकटी सुखी असतात आणि त्यांना ओढून आणणं हा आगाऊपणा आहे.

त्याहून चालणारं बोलावणं म्हणजे काम. निवृत्त हेडक्लार्कला "हिशेबाची वही तुम्ही लिहा", टेलर असलेल्या काकांना "खुर्च्यांच्या उशा बघता का जरा", ज्यांचा आवाज चांगला आहे त्यांना "हरिपाठाला सुरुवात तुम्ही करा". किल्ली, थर्मास, वर्तमानपत्राची फाइल, हजेरी, झाडांना पाणी अशी सहा-सात कामं मुद्दाम काढा आणि वाटा. एक धोका आहे: चहाचं काम आपोआप बायकांकडे जातं. ज्यांनी पन्नास वर्षं चहा केला, त्यांना इथे तरी हातात आयता कप मिळू दे. चहाची पाळी पुरुषांची लावा. पहिले आठ दिवस चहा वाईट होईल, नंतर जमतो.

पहिली भेट, मिनिटांनुसार

दीपप्रज्वलन नको, पाहुणे नकोत, नगरसेवक तर अजिबात नको. दहा-बारा माणसं आणि गोल मांडलेल्या खुर्च्या. समोरासमोर रांगा मांडल्या की सभा होते आणि सभेत एकच बोलतो.

पहिली दहा मिनिटं येणाऱ्यांची; दारात एकजण उभा राहून नाव घेऊन बसवेल. पुढची पंधरा बसल्या बसल्या हालचाल: घोटे फिरवणं, गुडघा सरळ करून पाच आकडे धरणं, खांदे, मान हळू. हात न टेकता उठणं ज्यांना जमतं त्यांनीच करावं, खुर्चीची पाठ भिंतीला लावून. मग चाळीस मिनिटं गप्पा, आणि शेवटी चहा. एकूण सव्वा तास. रंगात आलं तरी वेळेवर संपवा.

गप्पा "आपली ओळख करून द्या" यावर सुरू करू नका. ज्याचा मुलगा अमेरिकेत तो वीस मिनिटं घेतो आणि ज्याचा मुलगा बोलत नाही तो गप्प बसतो. त्यापेक्षा प्रश्न असा टाका की ज्याचं उत्तर प्रत्येकाकडे आहे: "डिसेंबर १९६७, पहाटे कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा तुम्ही कुठे होता?" पुण्याकडच्यांना १२ जुलै १९६१, पानशेत. मराठवाडा, नगर, सोलापूरकडच्यांना बहात्तरचा दुष्काळ: सुकडी, मिलो, रोजगार हमीची खडी. मुंबईत गिरणीचा भोंगा. किंवा एखादी वस्तूच मधे ठेवा, पितळी स्टो आणि त्याची पिन. स्टोला पिन कशी मारायची यावर पाऊण तास वाद होतो. ज्यांना कालचं आठवत नाही त्यांनाही हे आठवतं, आणि तेवढ्या वेळापुरते ते इतरांच्या बरोबरीला येतात.

कान

याकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. वयाबरोबर आधी जातात ते वरच्या पट्टीचे आवाज, म्हणजे स, श, फ, त यांसारखी व्यंजनं. त्यामुळे "आवाज येतो पण शब्द कळत नाहीत" अशी अवस्था होते. माणूस आधी हसून वेळ मारून नेतो, मग कोपऱ्यात बसतो, मग येणं सोडतो. घरचे म्हणतात, "हल्ली त्यांना कशात रस नाही."

ओरडल्याने व्यंजनं स्पष्ट होत नाहीत, फक्त स्वर मोठे होतात आणि चिडल्यासारखं वाटतं. तीन-चार फुटांवरून, चेहरा उजेडाकडे ठेवून, जरा सावकाश बोला. नाही कळलं तर तेच वाक्य पुन्हा न म्हणता दुसऱ्या शब्दांत सांगा. फरशी आणि उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये आवाज घुमतो. दोन जाड पडदे आणि मधे एक सतरंजी (बसायला नव्हे, घुमणं कमी करायला, आणि कडा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवलेली) एवढ्याने फरक पडतो. फरफरणारा पंखा डोक्यावर नको. कमी ऐकणाऱ्याला गोलात अशी खुर्ची द्या की पाठीशी भिंत आणि चांगला कान माणसांकडे.

श्रवणयंत्र घेण्याआधी कानात मळ नाही ना हे डॉक्टरांकडून बघून घ्या. यंत्र घेतलं आणि कपाटात ठेवलं ही तक्रार घरोघरी आहे. त्याचं कारण बहुधा हे की पहिल्याच दिवशी ते लग्नात घालून नेलं. शांत खोलीत, एका माणसाशी, रोज तासभर असं सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवत न्यावं लागतं आणि मधे दोनदा तरी ट्यूनिंगला जावं लागतं. कट्टा ही यंत्राची दुसऱ्या आठवड्याची जागा आहे.

हजेरीवही

सगळी यंत्रणा मोडली तरी एवढं मोडू देऊ नका. पानावर उभी नावं, आडवे दिवस. आला तर बरोबरची खूण, कळवून गेला असेल तर "क", न कळवता नाही आला तर मोकळा चौकोन. ओळीने दोन मोकळे चौकोन दिसले की त्याच संध्याकाळी फोन. फोन उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी दारात. प्रत्येक नावापुढे दोन नंबर हवेत, एक घरच्यांचा आणि एक शेजाऱ्यांचा.

फोनवर "का नाही आलात?" विचारू नका, तो जाब होतो. "तुमची खुर्ची रिकामी होती, म्हणून केला" एवढं पुरे. उत्तरातला सूर ऐका. दोन आठवड्यांहून अधिक काळ जेवण-झोप बिघडलेली, कशातच मन नाही, "आता काय उरलंय" अशी भाषा असेल तर हे कट्ट्याने भागणारं नाही. घरच्यांशी बोला, डॉक्टरकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. जिवाचं बरंवाईट करून घेण्याचं बोलणं असेल तर त्या माणसाला एकटं ठेवू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा. आणि परवापर्यंत नीट असलेला माणूस एक-दोन दिवसांत अचानक असंबद्ध बोलू लागला, माणसं ओळखेना, तर ते वय नव्हे. लघवीचा संसर्ग, सोडियम उतरणं, नवी गोळी, काहीही असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना.

कट्ट्याच्या कपाटात साखरेचा डबा ठेवा. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्याला घाम सुटून थरथर आली तर तीन-चार चहाचे चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांत बरं न वाटल्यास पुन्हा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता १०८.

भांडणं, पैसे, विक्रेते

कट्टे मोडतात ते बहुधा तीन गोष्टींवरून: राजकारण, व्हॉट्सअॅप आणि पैसे. राजकारणावर बंदी टिकत नाही. "चहा येईपर्यंत" अशी वेळेची मर्यादा टिकते. ग्रुपवर फक्त अॅडमिनने लिहायचं असं सेटिंग करा: वेळ, निरोप, वाढदिवस. सुप्रभाताची फुलं आणि काढ्याचे उपाय लोक एकमेकांना पाठवतीलच. वर्गणी महिन्याला ५० रुपयांच्या पुढे नको, आणि हिशेब दर महिन्याला भिंतीवर. ज्याला ५० जड जातात त्याचं कुणी भरलं हे वहीत येऊ नये.

"मोफत तपासणी शिबिर" घेऊन येणारे, मॅग्नेटची गादी विकणारे, जास्त व्याजाची स्कीम सांगणारे कट्टा सुरू झाल्याच्या दोन महिन्यांत हजर होतात. नियम एकच: कट्ट्यावर विक्री नाही, माहितीपत्रकही नाही. पोलीस असल्याचं सांगून "डिजिटल अटक" म्हणून धमकावणाऱ्या फोनबद्दल मात्र दर महिन्याला बोला. असली अटक कायद्यात नाहीच. पैसे गेले तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन. फसलेला माणूस लाजेने गप्प राहतो, त्यामुळे ज्याला सांगता येईल असा एक माणूस ठरवून द्या.

नोंदणीची घाई पहिल्या वर्षी करू नका. १८६० च्या कायद्याखाली संस्था करायला किमान सात सभासद लागतात, मग धर्मादाय कार्यालय, दरवर्षी ऑडिट, पदाधिकारी बदलले की बदल अर्ज. एवढ्यात अध्यक्ष-उपाध्यक्ष तयार होतात आणि माणसं जातात. वर्षभर टिकलात तर करा. फेस्कॉमशी (ज्येष्ठ नागरिक संघांच्या महासंघाशी) जोडलेल्या जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघाकडे नमुना घटना मागा.

काय काय करता येईल

कॅरम टेबलावर, जमिनीवर नाही. मोठ्या आकड्यांचे पत्ते, मेंढीकोट, पैशाविना रमी. श्रावणात मंगळागौरीची गाणी खुर्चीत बसून, कोजागिरीचं मसाला दूध बिनसाखरेचं आणि साखरेचं अशा दोन पातेल्यांत. हास्यक्लब ही कल्पनाच मुंबईची, १९९५ सालची. पण हर्नियाचं किंवा मोतीबिंदूचं ताजं ऑपरेशन झालेल्यांनी जोर लावून हसण्यात भाग घेऊ नये. सहल एसटीने: ७५ पूर्ण झालेल्यांना प्रवास मोफत, ६५ ते ७५ ना आणि महिलांना अर्धं तिकीट. एकाच दिवसात परत, दर दीड तासाला थांबा.

जे घराबाहेर पडूच शकत नाहीत त्यांच्याकडे दोघांनी मिळून आठवड्यातून एकदा, अर्धा तास, ठरलेल्या वारी जावं. विसरायला लागलेल्यांना "ओळखलंत का मला?" कधीही विचारू नका, ही परीक्षा असते आणि ते नापास होतात. "मी समोरच्या बिल्डिंगमधला जोशी" असं आपणच सांगून बसावं.

कुणी गेलं तर

हे होणारच, आणि त्याची रीत आधी ठरवलेली बरी. त्या दिवशी कट्टा बंद ठेवू नका. माणसांना त्याच दिवशी एकत्र बसायची गरज असते. दोन मिनिटं शांत, मग गेलेल्याबद्दल ज्याला जे आठवेल ते. हजेरीवहीतलं नाव खोडू नका, पुढच्या महिन्याच्या पानावर फक्त लिहू नका.

मागे राहिलेल्या जोडीदाराकडे तेराव्यापर्यंत घर भरलेलं असतं. खरी वेळ त्यानंतर येते, पाहुणे आपापल्या गावी गेल्यावर, साधारण तिसऱ्या आठवड्यात. वहीत ती तारीख आधीच लिहून ठेवा. दोघीजणींनी जावं, सोबत पोळीभाजीचा डबा न्यावा आणि तिथेच बसून त्यांच्याबरोबर जेवावं, कारण एकटीसाठी ताट वाढून घेणं बहुतेक जणी टाळतात आणि वजन पहिल्या दोन-तीन महिन्यांतच उतरतं. कट्ट्यावर यायला "कुंकू नाही, आता कशाला" असं उत्तर येईल. वाद घालू नका. संक्रांतीचं हळदीकुंकू तुमच्याकडे होत असेल तर ते सगळ्यांसाठी तिळगूळ म्हणून करा आणि वाण सगळ्यांच्या हातात द्या, आणि हे त्यांना आधी सांगा. मग पुन्हा तेच: बुधवार, पावणेचार, दारात.